झोपाळ्याची नवी फळी

पाइनच्या लाकडाचा वास आला की माझं डोकं उठतं. लोक म्हणतात, अहाहा, डोंगरात गेल्यासारखं वाटतं. जा बाबा तुम्ही डोंगरात. मी नोकरीची सगळी वर्षं तो वास साडीत, केसांत आणि डब्यातल्या पोळीत घेऊन काढली आहेत.

चेन्नईजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात मी पॅकिंगची खोकी तपासायचे. माझे वडीलही तिथेच होते. खडकीहून त्यांची बदली झाली तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे माझं घरातलं बोलणं मराठीत आणि रस्त्यावरचं भांडण तमिळमध्ये. कारखान्याचा माल ज्या खोक्यांतून बाहेर जायचा ती सगळी पाइनची. ती तपासून पास-नापास करायचं माझं काम, आणि ठेकेदारांशी भांडायचंही माझंच काम.

पाइन ओळखायला शाळेत जावं लागत नाही. हातात घ्या, दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. नख रोवा, खूण राहते. ताज्या कापलेल्या तोंडाशी नाक न्या, टर्पेंटाइनचा वास येतो. अंगावर एक फिकट पट्टा, एक तांबूस पट्टा. फिकट मऊ, तांबूस कडक, म्हणून रंधा मारताना हात अडखळत जातो. आणि गाठी तर विचारूच नका. गाठीजवळ खिळा ठोकला की चीर गेलीच. टोकाशी ठोकायचा तर आधी भोक पाडा, नाहीतर खिळ्याचं टोक हातोडीनं बोथट करून घ्या. करवतीच्या दातांना राळ चिकटते, ती रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसा. रंग लावावा तर एका जागी पितं, दुसऱ्या जागी नाही, आणि अंगभर चट्टे उठतात. चेन्नईच्या हवेत जरा ओलं राहिलं की निळी बुरशी धरतं, ती वरवर तासून जात नाही. नापास खोक्यावर मी लाल खडूनं फुली मारायचे. ठेकेदार मला पाठीमागे फुलीवाली अम्मा म्हणत. म्हणोत बापडे.

आता खोटं कशाला बोलू, खोक्यासाठी पाइनसारखं लाकूड नाही. हलकं, स्वस्त, काम झालं की फोडा आणि बंबात घाला. पण हल्ली तेच लोक दिवाणखान्यात आणून ठेवतात. ओएमआरवरच्या, म्हणजे कॉम्प्युटर कंपन्यांच्या त्या हमरस्त्यावरच्या, कॉफीच्या दुकानांत जाऊन बघा. बंदरावरून आलेल्या मालाखालच्या पॅलेटच्या फळ्या भिंतीला ठोकलेल्या असतात. त्यांवर कुठल्या गोदामातलं तेल सांडलंय, कुठले उंदीर फिरलेत, देव जाणे, आणि त्याला टेकून पोरं केक खात असतात. शी! मी तिथे एकदाच गेले, भावाच्या आग्रहानं, आणि कॉफी अर्धी टाकून उठले.

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिकडेच ओएमआरवर उंच इमारतीत त्याचा फ्लॅट आहे. वडील गेल्यावर जुनं घर विकलं आणि आई त्याच्याकडे राहायला गेली. माझ्याकडे आवडीत दीड खोली, तीही वरच्या मजल्यावर, जिना हा असा. आईनं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "मी कुठेही राहीन, पण माझा झोपाळा टांगायचा."

तो झोपाळा म्हणजे आमचं अर्धं घर होतं. रेल्वेचे जुने डबे भंगारात निघाले तेव्हा वडिलांनी त्यातला साग मिळवला होता. त्यातून एक अखंड फळी निघाली. ती त्यांनी सुट्ट्यांच्या दिवशी स्वतः तासली, चार कोपऱ्यांना भोकं पाडली, पितळी कड्या ओवल्या. उचलायला दोन माणसं लागायची. इथे शेजारीपाजारी सगळ्यांकडे ऊंजल, म्हणजे झोपाळा, असायचा, पण आमची फळी बघायला लोक मुद्दाम यायचे आणि हात फिरवून "तेक्कु, तेक्कु" म्हणायचे. तेक्कु म्हणजे साग. वडील असे काही फुलायचे की जणू झाडच त्यांनी लावलं होतं.

आई दुपारची कामं उरकून त्यावर बसायची. एक पाय दुमडून मांडीखाली, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं जमिनीला एवढासा रेटा. मांडीवर ताट, ताटात निवडायला घेतलेली कीरई, म्हणजे इथली पालेभाजी, नाहीतर तांदूळ. आमच्या गोवर-कांजिण्या त्या झोपाळ्यावर निघाल्या. मी लग्न करणार नाही म्हणून सांगितलं तेही तिथेच, आणि तिनं ऐकून घेतलं आणि झोका घेत राहिली. वडील गेले त्या दिवशी सगळे लोक उठून गेल्यावर ती झोपाळ्यावर जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत कड्यांचा आवाज येत होता. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून राहिलो, तिला कुणी हाक मारली नाही.

भावाच्या फ्लॅटचं इंटिरियर सुरू झालं तेव्हा फळी पॉलिशला म्हणून गेली. आता पॉलिशला फळी जाते कशाला, माणूस घरी येऊन करतो, पण त्या इंटिरियरवाल्याचं सगळंच न्यारं. अंगात खादीचा सदरा, मनगटात मणी, आणि बोलणं असं की भिंतीला चुना लावायचा तरी हा आधी तिची मुलाखत घेणार. मला पहिल्या दिवसापासून तो डोळ्यांसमोर नको होता.

वास्तुशांतीच्या दिवशी फळी परत आली होती. पश्चिमेच्या काच लावलेल्या बाल्कनीत झोपाळा टांगलेला, फळी आरशासारखी चकचकीत, वर जाड गादी बंदांनी बांधलेली. भावानं चार लोकांसमोर आईचा हात धरून तिला त्यावर बसवलं. "बघ आई, तुझी फळी कशी नवी केली!" आईनं गादीच्या कडेखाली हात घालून फळी चाचपली, मग वर त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झाली रे." लोकांनी फोटो काढले. मी केटररच्या भातात मीठ नाही म्हणून त्याच्याशी हुज्जत घालत होते, मला तेव्हा फळीत काय बघायचं!

त्यानंतर मी जायचे तेव्हा आई झोपाळ्यावर बसलेली असायची, पण दोन्ही पाय जमिनीवर. फलाटावरच्या बाकावर बसल्यासारखी. मी म्हटलं, "झोका का नाही घेत?"

"गुडघे धरलेत गं."

मी तेल आणलं, काढा आणला, हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, या वयाला गुडघे उत्तम आहेत. मी त्या डॉक्टरलाच नावं ठेवली.

दुसरी एक गोष्ट मला खटकायची. भावाच्या कामाच्या खोलीत एक नवीन टेबल होतं, लोखंडी पायांचं, वर जाड लाकूड, चार कोपऱ्यांना चार पितळी चकत्या. त्यावर त्याचा संगणक, मागे पुस्तकं, आणि तो दिवसभर त्या टेबलाशी बसून परदेशातल्या लोकांना आपलं तोंड दाखवायचा. आणि आई रोज सकाळी स्वतः ते टेबल पुसायची. ओलं फडकं, मग कोरडं फडकं. घरात कामाला बाई आहे, ती सगळं घर पुसते, पण त्या टेबलाला आई तिला हात लावू देत नसे. मला संताप यायचा. एवढा मोठा घोडा झालास, आईकडून टेबल पुसून घेतोस?

तोही म्हणायचा, "मी कुठे सांगतो? तिचीच हौस." आणि आई म्हणायची, "तिला जमत नाही नीट."

मग आला मे महिना. आमचा मे म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. पश्चिमेची काच, दुपारची उन्हं, बाल्कनीची नुसती भट्टी. आईनं घामाला कंटाळून झोपाळ्यावरची गादी काढून टाकली होती. मी गेले तेव्हा ती न्हाणीघरात पाटावर बसून आपली सुती साडी खोबरेल तेलानं चोळत होती.

"हे काय?"

"डाग पडलाय, निघत नाही."

मी साडी ओढून घेतली. मागच्या बाजूला पिवळसर, चिकट डाग, बोट लावलं की बोट चिकटतंय. नाकाशी नेला. टर्पेंटाइन! कारखान्यातला तो वास, तस्सा. आणि खोबरेल तेल! राळेला खोबरेल लावायचं हे आईला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं माझ्या साड्यांचे डाग तिनंच तर काढले होते.

सागाला कधी राळ येत नाही. साग मेला तरी घामेजत नाही.

मी बाल्कनीत गेले. फळीवर पॉलिशखालून गाठीपाशी थेंब फुटून आले होते, पिवळे, पिकलेल्या गळवासारखे. मी एका बाजूच्या कड्या सोडवल्या आणि फळी उलटी केली. एका हातानं. वडिलांची फळी मला एका हातानं जन्मात उलटी झाली नसती. खालच्या अंगाला तपकिरी रंगाचा एक हात मारलेला, त्यातून सगळं दिसत होतं. अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. एका पट्टीत निळी बुरशी. जुन्या खिळ्यांची भोकं लाकडाच्या भुशानं बुजवलेली, त्याभोवती गंजाची काळी वर्तुळं. कापलेली तोंडं दिसू नयेत म्हणून चारी कडांना सागाची बारीक पट्टी. ही चलाखी बघून तर मला थुंकावंसं वाटलं. आणि एका पट्टीवर पॅलेटचा शिक्का, अर्धा घासलेला. त्या शिक्क्यात अक्षरं असतात, लाकूड भाजून किडे मारलेत की विषारी धूर देऊन, ते त्यावरून कळतं. हे धूर दिलेलं होतं. भाजलेलंच नाही, मग राळ गाळायचीच. जन्मभर मी ज्याच्यावर फुल्या मारल्या ते माझ्या आईच्या बुडाखाली आणून ठेवलं होतं.

आणि एका कोपऱ्यात, कडीच्या भोकाला लागूनच गाठ. गाठीतून निघालेली चीर बोटभर पुढे गेलेली. ऐंशी वर्षांच्या बाईनं त्यावर बसून झोका घ्यायचा, खाली ग्रॅनाइटची फरशी.

मी तडक भावाच्या खोलीत शिरले. त्याच्या कानात ते यंत्र. म्हणाला, "अक्का, हळू. कॉल चालू आहे."

"खड्ड्यात गेला तुझा कॉल. वडिलांची फळी कुठाय?"

त्यानं घाईघाईनं काहीतरी दाबलं, आवाज बंद केला. "बाल्कनीत आहे ना."

"बाल्कनीत पाइन आहे. पॅलेट फोडून केलेलं. तू मला शिकवणार? मला? खरी फळी कुठाय ते बोल."

त्यानं नुसते दोन्ही तळहात टेबलावर टेकले, आणि माझी नजर त्याच्या हातांवर गेली, हातांखालच्या लाकडावर गेली, मग कोपऱ्यांतल्या त्या चार चकत्यांवर गेली. चार कोपरे, चार कड्यांची चार भोकं. पितळ घालून बुजवलेली. मी वाकून त्यावर नख रोवलं. खूण उठली नाही.

"असा साग आता मिळत नाही गं," तो म्हणाला. "डिझायनर म्हणाला, असा पीस झोपाळ्याला वाया जातोय. आणि मला टेबल हवंच होतं. वडिलांची आठवण म्हणून माझ्याजवळच राहिली ना?"

"आणि आई?"

"आईचं वजन ते केवढं! तिला काहीही चालतं. दिसायला तशीच आहे की. इतके महिने बसतेय, तिला काही कळलंय का?"

मला त्याची किळस आली. दुसरा शब्द नाही. ज्या पोराचं नाक मी माझ्या पदरानं पुसलं, त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट वर आणि खाली अर्धी चड्डी, कारण परदेशातल्या लोकांना वरचंच दिसतं. पॉलिश वर, पॅलेट खाली. मी म्हटलं, "मेल्या, तू लहानपणी ज्यावर निजलास ती फळी चोरलीस तिची. घरातल्या घरात. आणि वर चार लोकांत हात धरून बसवलंस तिला."

"ओरडू नको," मागून आई म्हणाली.

ती दारात उभी होती, हात तेलकट. "मला माहीत आहे ते."

भाऊ उठून उभा राहिला.

"काय माहीत आहे?" मी म्हटलं.

"बसवलं त्या दिवशीच कळलं. ह्यांची फळी हाताला गार लागायची. ही लागली नाही." ती आत आली आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "मग दुसऱ्या दिवशी इथे पुसायला आले, तर ही इथे."

"मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

"तो एवढ्या हौसेनं म्हणाला, नवी केली. काय बोलायचं?"

"आणि झोका? गुडघे-गुडघे करून मला नाचवलंस ती?"

आई माझ्याशीच बोलली, त्याच्याकडे न बघता. "त्या फळीत दम नाही हे बसल्यावर कळतं गं. मी पाय सोडला असता आणि ती मोडली असती, तर सगळ्यांना कळलं असतं ह्यानं काय केलं ते. मग आयुष्यभर हा माझ्यापुढे आला असता का? म्हणून पाय खाली ठेवून बसायचे. आपलं वजन आपल्या पायांवर."

टेबलावर संगणकातून कुणीतरी परदेशी माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. भावाच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मला दोघांचाही राग आला. त्याचा तर आलाच, पण तिचाही. असली कसली माया ही, जी चोराला अंधारात ठेवून आपण जीव मुठीत धरून बसते?

मी बाल्कनीत जाऊन ती फळी काढली. एक टोक उंबऱ्यावर ठेवलं, एक जमिनीवर, आणि मधोमध नाही, त्या गाठीवर पाय देऊन उभी राहिले. कड्कन मोडली. आतून राळेचा ओला वास आला. मी भावाला हाक मारून तुकडे दाखवले. तो बघत राहिला आणि मग आईला "सॉरी" म्हणाला. इंग्रजीत. त्याला त्यासाठी मराठी शब्द सुचला नसावा.

मी म्हटलं, टेबल मोड आणि फळी परत टांग. आईच नको म्हणाली. त्याच्या कामाची झाली आहे, भोकंही बुजवली आहेत, राहू दे. मी खूप बोलले, माझं कुणी ऐकलं नाही.

महिन्याभरात भावानं नवी फळी आणली. खऱ्या सागाची. ह्या वेळेस इंटिरियरवाल्याला उंबरा चढू दिला नाही, मला बरोबर घेऊन लाकडाच्या वखारीत गेला. मी नख रोवलं, वास घेतला, तोंडं बघितली, उचलून बघितली, वखारवाल्याशी भांडले. फळी पास केली. तासून, कड्या घालून टांगली तेव्हा मी स्वतः त्यावर बसून जोरात झोके घेतले, कड्या करकरल्या, फळीला काही झालं नाही.

आता आई रोज त्यावर बसते. दुपारी मी गेले की आम्ही दोघी बसतो. ती कीरई निवडते, मी तिला कुणाकुणाचं काय ते सांगते. भाऊ आतल्या खोलीत असतो, दार लोटलेलं. सकाळी त्याचं टेबल अजून तीच पुसते.

परवा मी म्हटलं, "आई, हा साग आहे. मी तपासलाय. पाय वर घे की."

"हो गं, साग आहे. कळतं मला."

"मग?"

तिनं मांडीवरचं ताट नीट केलं. मीच मग अंगठ्यानं जमिनीला रेटा दिला, पूर्वी ती द्यायची तसा. झोपाळा हलला नाही. बघते तर तिनं दोन्ही तळपाय फरशीला घट्ट रोवून धरले होते, आणि मान खाली घालून ती कीरई निवडत होती.